हेडरचं भांडण सिस्टमच्या फाइलीत हात घालून मिटत नाही

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात शनिवारी कॉम्प्युटरच्या प्रश्नोत्तराचं जे सदर येतं ते आमच्या इकडे बरेच पोट्टे वाचतात, काही जण तर कात्रण करून ठेवतात, त्यामुळे त्यात काय छापून येतं याला वजन आहे. मागच्या शनिवारी एका विद्यार्थ्यानं विचारलं होतं की लिनक्सवर सी भाषेत सिरियल पोर्टचा, म्हणजे यंत्रातून एकामागे एक बिट आणणाऱ्या जोडणीचा, प्रोग्राम लिहिला तर 'रीडेफिनिशन ऑफ स्ट्रक्ट टर्मिऑस' असा एरर येतो, म्हणजे पोर्टची सेटिंग ज्यात बसते तो टर्मिऑस नावाचा साचा (सी भाषेत स्ट्रक्चर) दोनदा सांगितला, काय करू. आणि उत्तर काय छापलं तर सुडो लावून, म्हणजे सिस्टमच्या मालकाचा अधिकार घेऊन, यूएसआर-इन्क्लूड या सिस्टमच्या फोल्डरातली जी हेडर फाइल (असे साचे सांगणारी, प्रोग्रामच्या वर जोडायची फाइल) एररमध्ये दिसते ती उघडा, तिथलं स्ट्रक्चर कमेंट करून म्हणजे बंद करून टाका, एरर जाईल. आता एरर जातो हे खरंच आहे हो, पण एरर गेला म्हणजे काम झालं असं नाही, आणि हे उत्तर नुसतं अर्धवट नाही तर सरळ धोक्याचं आहे. म्हणून हे पत्र लिहून राहिलो. लांब होईल, कापायचं असेल तर कापा, फक्त मधला बाइटच्या हिशेबाचा भाग कापू नका, सगळं त्याच्यावरच उभं आहे.

मी दारव्हा तालुक्यात राहतो, जिनिंगवाल्यांचे वजनकाटे, ओलावा मोजायची यंत्रं आणि त्यांना जोडलेले कॉम्प्युटर हे माझं रोजचं काम. कापसाचं तर सगळ्यांना माहीतच आहे, सीसीआय म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या खरेदीत ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात आणि १२ च्या वर गेला की गाडी परत, त्यामुळे ओलाव्याचा आकडा यंत्रातून कॉम्प्युटरपर्यंत नीट पोचला पाहिजे याची काळजी आम्हाला शहरातल्या माणसापेक्षा जरा जास्तच असते. आजकाल पॉलिटेक्निकचे पोरं स्वतःच हे यंत्र बनवतात, १६ मेगाहर्ट्झचा स्वस्तातला बोर्ड घेतात, सेन्सर लावतात आणि यूएसबीनं पीसीला जोडतात, चांगलंच आहे. पण इथंच त्या विद्यार्थ्याचा प्रश्न सुरू होतो आणि तुमच्या सदरात तो प्रश्न उगवला कुठून हेच कोणी सांगितलं नाही.

तर गोष्ट अशी आहे की १६ मेगाहर्ट्झच्या त्या बोर्डावर ११५२०० चा वेग, म्हणजे सेकंदाला ११५२०० बिट, अचूक बसत नाही. घड्याळाला पूर्ण आकड्यानं भागावं लागतं, आणि जवळात जवळ भागाकार निघतो तो ११७६४७ चा, म्हणजे साधारण २.१ टक्के फरक. तेवढा फरक टेबलावर चालून जातो, पण दुसऱ्या बाजूचं घड्याळ पण जरासं उलट्या दिशेनं चुकलेलं असलं की मग अधूनमधून बाइट फुटायला लागतात. आणि २५०००० चा वेग त्याच बोर्डावर अगदी बिनचूक बसतो, १६ नं भागा, परत ४ नं भागा, संपलं. म्हणून हे पोरं २५०००० घेतात, तो काही हट्ट नाही, हिशेब आहे.

आता पीसीवर यायचं. सी लायब्ररीचं जे नेहमीचं टर्मिऑसचं हेडर आहे त्यात वेगांची ठरलेली यादी आहे, ९६००, ११५२००, २३०४००, मग एकदम ४६०८००, ५०००००. त्यात २५०००० नाहीच. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, मात्र कुठलाही वेग चालतो, त्यासाठी कर्नलनं टर्मिऑस-२ नावाचं वेगळं स्ट्रक्चर आणि बी-अदर नावाचा फ्लॅग, म्हणजे 'वेग यादीबाहेरचा आहे' अशी खूण, ठेवलाय, पण ते सापडतं कर्नलच्या हेडरात, एएसएम मधल्या टर्मबिट्स डॉट एच मध्ये. पोरगं काय करतं, वर लायब्ररीचं टर्मिऑस डॉट एच तर आधीपासून आहेच, त्याच्या शेजारी हे पण इन्क्लूड करतं. आणि दोघांमध्येही स्ट्रक्ट टर्मिऑस याच नावाचं स्ट्रक्चर आहे. कंपायलर म्हणतो एकाच नावाचे दोन कसे, थांब.

दोन भावांनी एकाच वावराचा नकाशा आपापल्या घरी वेगवेगळा काढून ठेवावा आणि दोघांनी धुरा वेगळ्या जागी दाखवावा, असा हा प्रकार आहे. एकाचा नकाशा फाडला म्हणून धुरा जागचा हलत नाही.

दोन नकाशे काहून आहेत ते पण सांगतो. कर्नल म्हणजे ज्याच्या हातात खरा सिरियल पोर्ट आहे तो, त्याचं स्ट्रक्चर लहान आहे. आपल्या नेहमीच्या पीसीवर चार इंटिजरचे १६ बाइट, त्यानंतर १ बाइट, मग कंट्रोल कॅरेक्टरचे, म्हणजे खास काम सांगणाऱ्या अक्षरांचे, १९, झाले ३६ बाइट. जीलिबसी नावाची जी सी लायब्ररी उबुंटू, डेबियन, फेडोरा सगळ्यांत असते तिनं आपल्या स्ट्रक्चरमध्ये कंट्रोल कॅरेक्टरला १९ च्या ऐवजी ३२ जागा ठेवल्या आणि शेवटी येणारा वेग आणि जाणारा वेग असे दोन रकाने जोडले, मधली रिकामी जागा धरून ते होतं ६० बाइट. आपला प्रोग्राम जेव्हा पोर्टची सेटिंग वाचायला टीसीगेटअ‍ॅट्रिब्युट बोलावतो तेव्हा लायब्ररी कर्नलकडून ३६ बाइटचं घेते आणि ६० बाइटच्या आपल्या साच्यात ओतून आपल्याला देते. म्हणजे हे दोन वेगळे साचे असणं ही कोणाची चूक नाही, लायब्ररी मधे बसून भाषांतर करते म्हणून तर जुने प्रोग्राम नवीन कर्नलवर चालतात.

आता सदरातला सल्ला घ्या. एररमध्ये कोणती फाइल दिसते? कंपायलर नेहमी दुसऱ्या नंबरला आलेल्या फाइलवर बोट ठेवतो, पहिल्या नंबरच्या फाइलवर नाही, तिच्याबद्दल खाली नुसती नोट देतो. म्हणजे पोरानं कर्नलचं हेडर वर लिहिलं आणि लायब्ररीचं खाली, तर एरर लायब्ररीच्या फाइलवर. उलटं लिहिलं तर कर्नलच्या फाइलवर. तुमच्या उत्तराप्रमाणे कोणती फाइल कापायची हे दोन ओळींच्या क्रमावर ठरणार, हा काही निकष झाला का साहेब?

समजा लायब्ररीच्या फाइलवर एरर आला आणि पोरानं तिथलं स्ट्रक्चर कमेंट केलं. प्रोग्राम कंपाइल झाला. पण आता त्याच्या प्रोग्रामला माहीत असलेलं स्ट्रक्चर ३६ बाइटचंच आहे, तेवढीच जागा त्यानं मेमरीत ठेवली. आणि लायब्ररी? ती तर कधीची कंपाइल होऊन बसली आहे, तिला तुम्ही हेडर कापलं हे कळतच नाही, ती बिचारी नेहमीसारखे ६० बाइट गृहीत धरून लिहिते. ३६ च्या जागेत ६० चा माल. उरलेली २४ बाइटची जागा शेजारच्या व्हेरिएबलची, ती तुडवली जाते. नशीब चांगलं असेल तर उबुंटूवर 'स्टॅक स्मॅशिंग डिटेक्टेड' असं म्हणून प्रोग्राम तिथंच मरतो, आणि नशीब खराब असेल तर मरत नाही, चालत राहतो आणि शेजारचं व्हेरिएबल, ते ओलाव्याची बेरीज असू शकते, वजन असू शकते, गुपचूप बदलून जातं. आणि हे सगळं कुठल्याच वॉर्निंगशिवाय, कारण हेडर कापल्यामुळे वॉर्निंग देणाराच गप्प केलाय आपण.

दुसरं, तीच फाइल आता त्या मशीनवर सगळ्यांसाठी कापली गेली. टर्मिऑस वापरणारा दुसरा कुठलाही साधा प्रोग्राम, ज्यात कर्नलचं हेडर नाहीच, तो त्या मशीनवर आता कंपाइलच होणार नाही. आमच्या इकडच्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये हेच झालं, कोणीतरी फाइल कापून ठेवली आणि पुढच्या बॅचचे पोरं स्वतःचा कोड तपासत बसले, स्ट्रक्चर अपूर्ण आहे असा एरर, कोडात तर काहीच चूक नाही. सरांनी सांगितलं कंपायलर खराब आहे, फॉरमॅट मारा.

तिसरं म्हणजे अपडेट. यूएसआर-इन्क्लूड मधल्या फाइली पॅकेजच्या असतात, आपल्या नसतात. नवीन पॅकेज आलं की न विचारता वरून लिहिते, आपली कमेंट गेली, एरर परत हजर. इटीसी फोल्डरातल्या सेटिंगच्या फाइलींसारखं 'तुमची ठेवू का माझी' असं इथे कोणी विचारत नाही.

मग करायचं काय? करायचं एवढंच की दोन्ही हेडर एका सी फाइलमध्ये आणायचीच नाहीत. एक वेगळी छोटी सी फाइल करा. तिच्यात लायब्ररीचं टर्मिऑस डॉट एच नाही, फक्त एएसएम-टर्मबिट्स आणि आयओकंट्रोलचं, म्हणजे कर्नलला थेट हुकूम द्यायचं, सिस-आयओसीटीएल. तिच्यात एकच फंक्शन ठेवा, त्याला द्यायचं काय तर फाइल डिस्क्रिप्टर (उघडलेल्या पोर्टचा नंबर) आणि वेग, दोन्ही साधे इंटिजर. आत टर्मिऑस-२ वाचा, जुना वेगाचा भाग पुसा, बी-अदर लावा, येणारा आणि जाणारा दोन्ही वेग २५०००० भरा, परत लिहा. मुख्य प्रोग्रामला फक्त त्या फंक्शनची एका ओळीची घोषणा दिसेल, कुठलंच स्ट्रक्चर त्या सीमेवरून इकडेतिकडे जाणार नाही. भांडणाला जागाच नाही. मॅन पेजमध्ये, म्हणजे लिनक्समधल्या मदतीच्या पानांत, टीटीवायच्या (टर्मिनल आणि सिरियल पोर्टच्या) आयओकंट्रोलखाली वेग बदलायचं जे उदाहरण दिलंय ते पण असंच लायब्ररीच्या टर्मिऑसला न बोलावता लिहिलेलं आहे, ज्याला इंटरनेट नाही त्यानं घरच्या मशीनवरच ते वाचावं.

इथे दोनतीन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. एएसएम-टर्मबिट्स घ्यायचं, एएसएम-टर्मिऑस नाही, कारण दुसऱ्यात विंडोच्या साइजचं स्ट्रक्चर आहे आणि ते परत सिस-आयओसीटीएल शी भांडते. आणि क्रम असा ठेवा की पॅरिटी, रॉ मोड, टाइमआउट ही पोर्टची बाकीची सेटिंग सगळी आधी लायब्ररीच्या नेहमीच्या फंक्शननं उरकायचं आणि वेग सगळ्यात शेवटी आपल्या फंक्शननं लावायचा, नाहीतर मागून कोणी यादीतला वेग लावला की आपलं २५०००० गेलं. लावल्यावर टर्मिऑस-२ परत वाचून पाहा, बरेचसे ड्रायव्हर प्रत्यक्षात जो वेग बसला तो तिथे लिहून देतात, यूएसबीची चिप ऐकते की नाही ते लगेच कळते.

काही हुशार पोरं तिसराच मार्ग काढतात, तो पण सांगून ठेवतो. कर्नलचं हेडर घेतच नाहीत, टर्मिऑस-२ च्या कमांडचा नंबर कुठून तरी हातानं उतरवतात आणि लायब्ररीचंच ६० बाइटचं स्ट्रक्चर कर्नलला पाठवतात. कंपाइल मस्त होते. पण कर्नल टर्मिऑस-२ ला ४४ बाइटचं समजतो, ३६ नंतर लगेच दोन वेग. लायब्ररीच्या स्ट्रक्चरमध्ये ३६ ते ४४ या जागेत वेग नाहीत, तिथे कंट्रोल कॅरेक्टर चालू आहेत अजून, लायब्ररीचे वेग तर ५२ व्या बाइटपासून सुरू होतात. म्हणजे पोरगं ५२ वर २५०००० लिहितं आणि कर्नल ३६ वर वाचतो. मग म्हणतात चिप डुप्लिकेट निघाली. चिनी चिपला शिव्या देणं सोपं आहे.

बरं, असा एरर आला की भांडण नक्की कुठे लागलं ते आधी शोधायचं, कारण पुष्कळदा टर्मिऑस डॉट एच आपण लिहिलेलंच नसते, दुसरं कोणी ओढून आणते, एनकर्सेस या स्क्रीनवर मेन्यू काढायच्या लायब्ररीचं टर्म डॉट एच आणते उदाहरणार्थ. जीसीसीला, म्हणजे सी च्या कंपायलरला, वजा मोठा एच असा ऑप्शन द्या, तो कोणत्या फाइलनं कोणती फाइल ओढली ते टिंबांच्या पायऱ्या लावून दाखवतो, एक टिंब म्हणजे तुमची ओळ, दोन टिंबं म्हणजे तिनं ओढलेली, असं. एवढं साधं हत्यार लॅबमध्ये कोणी शिकवत नाही, याचं मला नेहमी आश्चर्य वाटते. आमच्याकडच्या बऱ्याच कॉलेजात अजून टर्बो सी च्या निळ्या स्क्रीनवर प्रॅक्टिकल घेतात, मग हेडर म्हणजे वर डोळे मिटून लिहायच्या दोन ओळी एवढंच पोरांच्या डोक्यात बसते.

आता कोणी म्हणेल की मग नेटवर्कचे प्रोग्राम कसे चालतात, तिथे पण तर कर्नलचं लिनक्स-इन डॉट एच आणि लायब्ररीचं नेटइनेट-इन डॉट एच दोन्ही असतात. बरोबर आहे, तिथे पण पूर्वी असंच डोकं फुटायचं, खास करून आयपीव्ही-सिक्सच्या पत्त्याच्या स्ट्रक्चरवरून. २०१३ मध्ये कर्नलवाल्यांनी आणि जीलिबसीवाल्यांनी बसून समझौता केला, कर्नलमध्ये लिबसी-कॉम्पॅट डॉट एच नावाची फाइल आली. ती पाहते की लायब्ररीचं हेडर आधी येऊन गेलं का, गेलं असेल तर कर्नलचं हेडर त्या त्या स्ट्रक्चरपुरतं आपलं तोंड बंद ठेवते. म्हणून नेटवर्कमध्ये लायब्ररीचं हेडर वर आणि कर्नलचं खाली हा क्रम पाळला की बहुतेक वेळा निभते. पण हा समझौता मोजक्याच हेडरांपुरता आहे, टर्मिऑस त्यात नाहीच. म्हणजे त्या विद्यार्थ्याला कोणी क्रम बदलून पाहा असा सल्ला दिला असता तरी उपयोग नव्हता, फक्त एररमधली फाइल बदलली असती.

शिवाय हा समझौता सुरुवातीला जीलिबसी समोर ठेवूनच झाला. वायफाय राउटरवर जे ओपनडब्ल्यूआरटी टाकतात किंवा अल्पाइन लिनक्स वापरतात त्यात मसल नावाची दुसरीच सी लायब्ररी असते, तिच्याशी इथरनेटच्या हेडरच्या स्ट्रक्चरवरून बरीच वर्षं खटके उडत होते, मग कर्नलनं तिथे पण एक खूण ठेवायची सोय केली की लायब्ररीला वाटलं तर ती सांगेल 'हे मी केलं आहे, तू करू नको'. आणि असं समजू नका की हे जुने रोग आहेत. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जीलिबसी २.३६ आली, तिच्यात सिस-माउंट डॉट एच मध्ये माउंटची नवीन फंक्शनं टाकली, आणि त्या एका बदलानं लिनक्स-माउंट डॉट एच सोबत घेणारे चांगले चालू प्रोग्राम कंपाइल होईनात. मोठमोठे प्रोजेक्ट अडकले होते. त्यांनी काय केलं, कोणी यूएसआर-इन्क्लूड कापलं नाही, दोन्ही हेडर एकत्र येणार नाहीत असं आपल्या कोडात केलं आणि लायब्ररीनं आपल्या बाजूनं दुरुस्ती काढली.

लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा नियम सगळ्यांना पाठ असतो की कर्नलनं युजरस्पेस, म्हणजे कर्नलबाहेर चालणारे प्रोग्राम, तोडायचं नाही. पण तो नियम आहे बनलेल्या प्रोग्रामसाठी. कंपाइल झालेला जुना प्रोग्राम नवीन कर्नलवर चाललाच पाहिजे, यात ते लोक कडक आहेत, ३६ बाइटचं स्ट्रक्चर उगाच नाही इतकी वर्षं तसंच ठेवलं. सोर्स कोड नवीन हेडरांवर कंपाइल होईलच याची मात्र तेवढी हमी नाही. एवढा फरक समजला तरी अर्धी चिडचिड कमी होते.

अजून एक घोळ आहे जो सदरातल्या उत्तरात नव्हता पण आमच्या इकडे रोज दिसतो. कर्नल हेडर पाहिजे म्हटलं की पोरं लिनक्स-हेडर्स नावाचं पॅकेज टाकतात आणि मेकफाइलमध्ये, म्हणजे प्रोग्राम कसा बनवायचा ते सांगणाऱ्या फाइलीत, यूएसआर-एसआरसी मधल्या त्या फोल्डरचा रस्ता देतात. ते हेडर ड्रायव्हर बनवणाऱ्यांसाठी आहेत, कर्नलच्या पोटातले, आपल्या साध्या प्रोग्रामसाठी नाहीत. तो रस्ता दिला की एक सोडून शंभर एरर. आपल्याला लागणारं पॅकेज डेबियन-उबुंटूवर लिनक्स-लिबसी-डेव्ह, ते कंपायलरचा सेट टाकला तेव्हाच आलेलं असते, फेडोरावर मात्र त्याच कामाच्या पॅकेजचं नाव कर्नल-हेडर्स, म्हणजे नावावरून गोंधळ व्हायला वाव आहे हे मान्य.

हा फरक काही आजचा नाही. पूर्वी डिस्ट्रोवाले, म्हणजे उबुंटूसारखे लिनक्सचे संच बनवणारे, यूएसआर-इन्क्लूड मधून थेट कर्नलच्या सोर्सकडे सिमलिंक (शॉर्टकट) टाकत, ते करू नका, लायब्ररी ज्या हेडरांवर बनली तेच तिथे ठेवा, असं टोरवाल्ड्स २००० सालीच सांगून बसले होते. मग २००६ मध्ये २.६.१८ कर्नलपासून हेडर्स-इन्स्टॉल आलं, जे कर्नलच्या हेडरमधून आतला भाग गाळून फक्त युजर प्रोग्रामला द्यायचा भाग बाहेर काढते. आणि २०१२ च्या डिसेंबरात आलेल्या ३.७ मध्ये डेव्हिड हॉवेल्स यांनी युजर प्रोग्रामसाठीची हेडरं यूएपीआय नावाच्या वेगळ्या फोल्डरातच काढली, तोपर्यंत एकाच फाइलमध्ये 'हे कर्नलसाठी, हे बाहेरच्यासाठी' अशा पाट्या लावून काम चालू होतं. वर्षानुवर्षं त्या लोकांनी ही वाट स्वच्छ करत आणली आणि आपण सुडो लावून त्यात कमेंटची चिन्हं घालतो.

ज्यांनी आधीच फाइल कापली आहे त्यांच्यासाठी. घाबरायचं नाही, फॉरमॅट तर बिलकुल मारायचं नाही. डेबियन-उबुंटूवर डीपीकेजी या पॅकेज सांभाळणाऱ्या कमांडला व्हेरिफाय ऑप्शन देऊन लिबसी-सिक्स-डेव्ह आणि लिनक्स-लिबसी-डेव्ह ही दोन नावं द्या, कोणती फाइल पॅकेजपेक्षा वेगळी झाली ते सांगते, काही वेगळं नसेल तर गप्प बसते. मग एपीटीनं ती दोन पॅकेजं रीइन्स्टॉल करा, झालं. फेडोरावर आरपीएमला मोठा व्ही देऊन तेच काम होते. मात्र कापलेल्या हेडरवर जे प्रोग्राम बनवले असतील ते सगळे परत कंपाइल करायचे, हेडर सुधारलं म्हणून आधीचा बनलेला प्रोग्राम सुधारत नाही, त्याच्या आत ३६ चा साचा तसाच बसलेला असतो. आणि तो प्रोग्राम जर कोणाच्या काट्यावर किंवा ओलाव्याच्या यंत्रावर चालू असेल तर आज जाऊन बदला, उद्या नको, सीझन चालू आहे.

सदर लिहिणाऱ्यांबद्दल माझा काही राग नाही, शनिवारच्या जागेत दहा ओळीत उत्तर बसवायचं म्हणजे कठीणच, पण दहा ओळीतसुद्धा 'वेगळी सी फाइल करा' हे बसलं असतं, ते कमेंट करा पेक्षा लांब नाही. येत्या शनिवारी त्याच जागी दुरुस्ती छापावी एवढी विनंती आहे.

जाता जाता एक चांगली बातमी. २०२५ च्या जुलैत जीलिबसी २.४२ आली, तिच्यात हे दुखणं मुळातूनच काढलंय, आता लायब्ररीच्याच टर्मिऑसमध्ये वेग म्हणजे सरळ आकडा, २५०००० लिहा आणि मोकळे व्हा, कर्नलच्या हेडरला बोलवायची गरजच नाही. पण जिनिंगवर जे पीसी आहेत त्यांवर उबुंटू २२.०४ किंवा २४.०४ आहे, पहिल्यात जीलिबसी २.३५ आणि दुसऱ्यात २.३९, आणि ते पीसी चालू आहेत तोवर कोणी बदलत नाही, धूळ पुसली तरी खूप. म्हणून वरची वेगळी सी फाइल लिहून ठेवा, मेकफाइलमध्ये जीलिबसीचं व्हर्जन पाहून ती घ्यायची की नाही ते ठरवा, नवीन मशीन आलं की आपोआप सुटेल. कोणाला अडलं तर दारव्ह्याच्या आठवडी बाजाराच्या दिवशी मी दुकानात असतो, लॅपटॉप घेऊन यावं, चार्जर पण आणावा, लाइनचा भरोसा नाही.

आपला,
एक वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ